खोक्यातून येणारं स्वस्त फर्निचर: पुण्यात किती टिकतं आणि कुठून मोडतं

ऑनलाइन मागवलेलं, खोक्यात घरी येणारं आणि ॲलन कीनं जोडायचं फर्निचर किती वर्षं टिकतं, याचं उत्तर वर्षांत देता येत नाही. एकाच कारखान्यातली दोन सारखी कपाटं घ्या. एक कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या भिंतीपाशी एकदाच जोडलं आणि तिथंच राहिलं, तर दहा वर्षं निभावून नेतं. दुसरं अकरा महिन्यांच्या भाडेकरारांमागं वाकडहून बाणेरला आणि बाणेरहून खराडीला गेलं, की तिसऱ्या जोडणीत त्याची दारं एका रेषेत येत नाहीत. म्हणजे मोजायच्या गोष्टी दोनच: ते किती वेळा खोललं, आणि त्याच्या कडांपर्यंत किती पाणी पोचलं. वजनानं मोडणारं फर्निचर त्या मानानं कमी.

आधी माल. जाहिरातीत ‘इंजिनिअर्ड वुड’ असतं. खाली बारीक तपशिलात पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) की प्लाय हे पाहायचं. पंधरा हजारांच्या आतल्या कपाटात जवळपास नेहमी प्रीलॅम पार्टिकल बोर्ड असतो. लाकडाचा चुरा, आणि साखर कारखान्यांच्या आपल्या राज्यात कधी उसाचं चिपाड, युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनमध्ये कालवून गरम दाबाखाली चेपतात आणि दोन्ही बाजूंना छापील मेलामाइन कागद बसवतात. १८ मिमी जाडीचा असा बोर्ड चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतो, म्हणजे आठ बाय चारची शीट ३६ किलोच्या आसपास. त्याचे वरचे थर बारीक भुशाचे आणि घट्ट, मधला थर जाड चुऱ्याचा आणि पोकळसर. त्यामुळे सपाट पृष्ठभागात मारलेला स्क्रू बऱ्यापैकी धरतो, कडेत मारलेला धरत नाही. या फर्निचरच्या निम्म्या तक्रारी इथून निघतात.

एमडीएफ आतून एकसारखा असतो, त्याची कड गुळगुळीत येते. पण पायलट भोक (स्क्रूआधी पाडायचं बारीक भोक) न पाडता कडेत स्क्रू घातला की तो उभा चिरतो. एचडीएचएमआर हा जास्त घट्ट, ओल सोसणारा बोर्ड घनमीटरला ८५० किलोच्या आसपास जातो, आणि स्क्रूही चांगला धरतो. फक्त तो वापरला की ‘स्वस्त’ हा शब्द गळून पडतो.

सांधा समजून घेतला तर बाकीचं आपोआप कळतं. बाजूच्या उभ्या फळीत मिनिफिक्सचा, म्हणजे कॅम-बोल्टच्या जोडीतला, बोल्ट पिळलेला असतो. आडव्या फळीत १५ मिमी व्यासाचं, साधारण १३ मिमी खोल भोक असतं आणि त्यात कॅम बसतो. कॅम अर्धा फेरा फिरवला की तो बोल्टचं डोकं ओढून घेतो. शेजारी ८ मिमीच्या लाकडी गुल्ल्या असतात. ओढून धरणं हे कॅमचं काम, भार झेलणं गुल्ल्यांचं. घाईत जोडणारे लोक गुल्ल्या निम्म्याच घालतात. मग सगळा भार कॅमवर येतो आणि कॅमपासून कडेपर्यंतचा पार्टिकल बोर्डचा तुकडा फुटून बाहेर येतो. भरलेलं कपाट उचलण्याऐवजी फरशीवरून ढकललं तरी हेच होतं. फरशी पुसायला दर आठवड्याला कपाट सरकवायची सवय असेल, तर त्याला पहिल्या दिवसापासून पायाखाली नायलॉनचे बुश हवेत.

जोडताना कॅमवरचा बाण बोल्टच्या भोकाकडे असायला हवा. बोल्टची कॉलर फळीला पूर्ण टेकेपर्यंत पिळायची; अर्धा मिमी बाहेर राहिली तरी कॅम पकडत नाही किंवा फिरून सुटतो. कॅमला ड्रिल मशिन लावायचं नाही. जस्ताच्या मिश्रधातूचा कॅम तडकला तर दुसरा मिळतो, पण त्यानं भोक भरडलं की फळीच बदलावी लागते. कपाट कायम त्याच घरात राहणार असेल, तर गुल्ल्यांना फेविकॉल लावावा. सांगाडा लक्षणीय कडक होतो. भाड्याच्या घरात मात्र गोंद नको, नाहीतर पुढच्या वेळी गुल्ली फळीचा लचका घेऊनच निघते.

खोलताना पॅकर्स-मूव्हर्सची माणसं बोल्टसुद्धा काढतात, कारण मग फळ्या एकावर एक सपाट बसतात. पार्टिकल बोर्डमधले आटे एक-दोनदा पिळणं सहन करतात, नंतर भोकाचा भुसा होतो. म्हणून फक्त कॅम सैल करायचे, बोल्ट फळीतच ठेवायचे आणि दोन फळ्यांमध्ये जाड पुठ्ठा घालायचा. बिजागऱ्यांचंही तसंच: दारातली वाटी तशीच ठेवून बाजूच्या फळीवरच्या प्लेटपासून फक्त हात सोडवायचा. हे ट्रक दारात उभा राहिल्यावर सांगून उपयोग नाही. दर ठरवतानाच सांगावं, आणि फळ्यांवर पेन्सिलीनं ‘डावी-वर’, ‘उजवी-खाली’ लिहून ठेवावं.

बोल्टचं भोक ढिलं झालंच, तर त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबणं हा तात्पुरता इलाज. पक्का इलाज म्हणजे भोक १० मिमीपर्यंत वाढवायचं, १२-१३ मिमी खोल करायचं, त्यात नायलॉनचं सॉकेट ठोकायचं आणि एम-६ आट्यांचा मिनिफिक्स बोल्ट लावायचा. ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करून घ्यावी. १८ मिमीच्या फळीतून टोक बाहेर आलं की समोरचा छापील पृष्ठभाग गेला. कॅमची बाजूच फुटली असेल तर ती भरत बसू नये, आतल्या कोपऱ्यात लोखंडी एल-पट्टी आणि १६ मिमीचे स्क्रू लावावेत. दिसायला ओबडधोबड, पण कपाट उभं राहतं.

दारांचं गणित कंपन्या कंजुषीनं करतात. १८०० बाय ४०० मिमीचं १८ मिमी जाड दार जवळपास ९ किलोचं होतं. त्यावर ४ मिमी जाडीचा आरसा चिकटवला तर आरशाच्या प्रत्येक चौरस मीटरमागं आणखी १० किलो. एवढ्या उंचीला चार बिजागऱ्या हव्यात. स्वस्त कपाटात तीन असतात, कधी दोनच. सगळी ओढ वरच्या बिजागरीवर येते आणि तिचे ३.५ बाय १६ मिमीचे स्क्रू सर्वांत आधी उपटतात. दार खाली झुकलंय असं दिसलं की आधी बिजागरीवरच्या ॲडजस्टमेंटच्या स्क्रूनं ते उचलून पाहावं. लगेच पुन्हा झुकलं तर भोक गेलंय. ते ८ मिमीनं मोकळं करून त्यात गोंद लावलेली लाकडी गुल्ली ठोकावी, २४ तास वाळू द्यावी, सपाट कापून २.५ मिमीचं पायलट भोक पाडावं आणि तोच स्क्रू परत घालावा. हा दुरुस्त केलेला भाग मूळ बोर्डापेक्षा मजबूत होतो. ३५ मिमीची वाटीच फाटून आली असेल तर तिथं ठिगळ लावण्यात अर्थ नाही. बिजागरी ६० मिमी वर किंवा खाली सरकवून नवीन वाटी १२ मिमी खोल पाडून घ्यावी, आणि बाजूच्या फळीवरची प्लेट तेवढीच सरकवावी. नवीन बिजागरी घेताना जुनी सोबत न्यावी. ० क्रँक, ८ क्रँक आणि १६ क्रँक (बिजागरीच्या हाताचा बाक) यांत गफलत झाली तर दार मिटत नाही.

मागची ३ मिमीची शीट हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. धूळ अडवण्यासाठी ती लावलीय असं वाटतं. प्रत्यक्षात कपाटाला तिरकं होऊ न देणारा तो एकमेव भाग आहे. ती ठोकण्याआधी सांगाडा गुण्यात आहे का ते पाहायचं: दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे, फरक २ मिमीच्या आत हवा. मग चुका, म्हणजे छोटे खिळे, दर १०० ते १२० मिमीवर. खोक्यात बहुधा तेवढ्या चुका नसतात. मूठभर वेगळ्या आणून ठेवाव्यात. शक्य असेल तर ती शीट बाजूला ठेवून ६ मिमी प्लाय कापून आणावी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मापानं कापून मिळते. या फर्निचरवर एकच जादा खर्च करायचा असेल तर तो हाच. खणांच्या तळालाही तीच ३ मिमीची शीट असते. साड्या किंवा कागदपत्रं भरली की ती मधे झोळ खाते आणि खाचेतून निसटते. तिथंही ६ मिमी प्लाय बसते, फक्त खाच ३ मिमीची असल्यानं ती खालून स्क्रूनं लावावी लागते.

आता पाणी. पावसाळ्यात पुण्यातली आर्द्रता सकाळी ८०-९० टक्क्यांच्या घरात असते, आणि एप्रिलच्या दुपारी २०-२५ टक्क्यांच्या आसपास उतरते. फुगणं आणि आक्रसणं वर्षाला एकदा ठरलेलंच. त्यात स्क्रूभोवतीचा भुसा हळूहळू सैल होतो. सप्टेंबरअखेर सगळे स्क्रू आणि कॅम एकदा हातानं पाव फेरा आवळले तर बराच फरक पडतो. पण हवेतल्या ओलीपेक्षा घात करते ती रोजची ओली फरशी. उभ्या फळ्यांच्या खालच्या कडेला बहुतेक कंपन्या एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावतच नाहीत, कारण ती दिसत नाही. रोजच्या पोछ्याचं पाणी तिथून वर चढतं. दाबून बसवलेला चुरा पाणी पिऊन मूळ जागेवर उसळतो, रेझिनची पकड सुटते आणि १८ मिमीची फळी २०-२१ मिमीची होते. वाळल्यावरही ती मापावर परतत नाही. वरच्या छापील कागदाला पोपडे येतात आणि खालचं दार घासायला लागतं.

म्हणून जोडणीआधी, फळ्या सुट्या असतानाच सगळ्या उघड्या कडा पाहून घ्याव्यात आणि त्यांवर वॉर्निशचे किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन-तीन हात द्यावेत. पहिला हात पूर्ण शोषला जातो, त्यामुळे एकावर थांबू नये. नंतर खाली किमान ५ ते १० मिमी उंचीचे बुश ठोकावेत. वायरसाठी पाडलेली भोकं आणि मागच्या खाचा यांनाही तेच. एज बँड ०.४ मिमीचा असेल तर नखानं उचकटतो. २ मिमीचा पीव्हीसी बँड जास्त मार खातो. उचकटलेला बँड हेअर ड्रायरनं गरम करून, आतला गोंद मऊ झाला की कापडानं दाबून बसवता येतो. तो मूळ जागी असताना हे केलं तर पाच मिनिटांचं काम, हरवल्यावर कड उघडीच.

कपाट बाथरूमच्या भिंतीला लावू नये. बाहेरच्या भिंतीला लावायचं तर ४०-५० मिमी जागा सोडावी. पश्चिमेकडच्या भिंतीतून झिरपणारी ओल मागच्या शीटवर बुरशी होऊन दिसते आणि ती कळेपर्यंत आतल्या कपड्यांना वास लागलेला असतो. तळमजल्यावर वाळवीचाही विचार हवा: चौकट किंवा स्कर्टिंगमागून मातीच्या नळ्या दिसल्या तर आधी पेस्ट कंट्रोल, मग फर्निचर. आणि पुराच्या पट्ट्यात हा मालच नको. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली होती. असं काही तास पाण्यात राहिलेलं पार्टिकल बोर्डचं कपाट परत उभं करता येत नाही. लोखंडी कपाट धुऊन, पुसून, रंगवून वापरता येतं.

पुस्तकांच्या फळ्यांचं गणित वेगळं. एक मीटर लांबीत गच्च भरलेली पुस्तकं साधारण २५ ते ३५ किलो होतात. २८० मिमी खोल, १८ मिमी जाड पार्टिकल बोर्डची फळी ६०० मिमी लांब असेल तर एवढ्या भारानं मधे दीड-दोन मिमी वाकते, डोळ्याला दिसत नाही. तीच ९०० मिमी केली तर आठ-नऊ मिमी. लांबी दीडपट, वाकणं पाचपट. वर काळाचा हिशोब: सततच्या भारानं पार्टिकल बोर्ड वर्षानुवर्षं खचत राहतो, आणि वाक दुप्पट होणं नवलाचं नाही. जाडी १८ ऐवजी २५ मिमी असेल तर वाक अडीच पटींहून जास्त घटतो. आहे त्या फळीचं भलं करायचं तर समोरच्या कडेखाली ४० मिमी उंचीची सागाची किंवा प्लायची पट्टी उभी चिकटवून, खालून स्क्रू मारावेत. वाकलेली फळी उलटी करून लावणं हाही चांगला उपाय, दोन्ही बाजूंना छाप असेल तर.

आयकियाचं बिली हे याच वर्गातलं जगभर खपणारं पुस्तकांचं कपाट, १९७९ पासूनचं. त्याच्या ८० सेंमी रुंद आवृत्तीत कंपनी फळीमागं ३० किलोची मर्यादा सांगते. वरचा हिशोब लावला तर गच्च भरलेली फळी त्या मर्यादेच्या जवळपास पोचते. कादंबऱ्या चालतील, ज्ञानकोशाचे खंड नकोत. ४० सेंमीची दोन कपाटं शेजारी उभी करणं जास्त शहाणपणाचं. आयकियाच्याच कॅलॅक्स रॅकच्या चौकोनी कप्प्यांना मर्यादा १३ किलोची आहे, हे लोक वाचतच नाहीत. त्यांच्याच लॅक टेबलाचा वरचा भाग आतून कागदी जाळीचा असतो, म्हणून तो एवढा हलका. तो कापू नये, त्यावर उभं राहू नये आणि त्याला मॉनिटरचा क्लॅम्प लावू नये. आयकियाचं मोठं दुकान नवी मुंबईत तुर्भ्याला आहे आणि पुण्यात माल घरपोच येतो. तरी एकदा प्रत्यक्ष जाऊन खण ओढून, फळी दाबून पाहिलेलं बरं.

उंच कपाट आणि खणांचं कपाट भिंतीला बांधायलाच हवं. २०१६ मध्ये आयकियानं अमेरिकेत २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत बोलावली, ती मुलांच्या अंगावर उलटत होती म्हणून. पुण्यातल्या नव्या इमारतींत भिंत कशाची आहे ते आधी पाहावं. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिकचा गट्टू फिरत राहतो, त्याला त्याच्यासाठीचा वेगळा अँकर लागतो. मायवान पद्धतीच्या, साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीत हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. घरमालक भोकांना नाही म्हणाला, तर कमी उंचीचं कपाट घ्यावं आणि वजनदार सामान खालच्या खणात ठेवावं.

मग घ्यायचं काय? पुस्तकांचं कपाट, ६०० मिमीपर्यंतच्या फळ्यांचं: जरूर. टीव्ही युनिट: हो, भिंत कोरडी असेल तर. लोखंडी पायांचं कामाचं टेबल हा या किमतीतला सगळ्यांत चांगला सौदा. टेबलटॉप १२०० मिमी आणि १८ मिमी जाड असेल तर खाली लांबीच्या दिशेनं लोखंडी पाइप आहे का ते वाकून पाहावं. नुसत्या चार पायांवर मधला भाग दबतो. मॉनिटर आर्म लावायचा तर क्लॅम्पच्या वर आणि खाली १२ मिमी प्लायचे तुकडे घालावेत.

चपलांचा रॅक पार्टिकल बोर्डचा घेऊच नये. जूनमधल्या ओल्या चपला त्याला एका पावसाळ्यात संपवतात. लोखंडी किंवा प्लास्टिकचा घ्यावा. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा शिक्का असलेली, पाण्याला टिकणारी प्लायच हवी.

पलंगाबाबत मत आणखी कडक आहे. हायड्रॉलिक स्टोरेजचा पार्टिकल बोर्डचा पलंग स्वस्तात सुंदर दिसतो, पण गॅस पंप दर उघडझापीला आपल्या स्क्रूंना उपटायचा प्रयत्न करतात, आणि ते स्क्रू त्याच पोकळ बोर्डात असतात. पंपाची प्लेट आरपार बोल्ट आणि मागं वॉशर लावून बसवलेली असेल तरच विचार करावा. बाजूची पट्टी डोक्याकडच्या फळीला कॅमनं जोडलेली असेल तर तो पलंग नको. लोखंडी ब्रॅकेट किंवा बॅरल नट-बोल्ट हवेत, आणि मधे जमिनीला टेकणारा पाय हवाच. तेवढ्याच पैशांत लोखंडी पलंग किंवा रबरवुडचा साधा, स्टोरेज नसलेला पलंग चांगला चालतो.

कपाटाचा निर्णय घर पाहून. स्वतःच्या घरात, न हलवता: दोन दारी चालेल, तीन दारी घेताना मधली उभी फळी तळापर्यंत जाते का ते तपासावं. दर वर्षी घर बदलणाऱ्यांनी लोखंडी कपाट घ्यावं किंवा भाड्यानं मिळणारं फर्निचर पाहावं. सुताराकडून प्लायचं करून घ्यायचं तर खर्च दुपटी-तिपटीनं जातो. पण ते दहा वेळा खोलता येतं, आणि विकायला काढलं तर काहीतरी मिळतं. पार्टिकल बोर्डच्या वापरलेल्या कपाटाला जुन्या बाजारातही कोणी फारसं विचारत नाही.

दुकानात असताना दार उघडून बिजागऱ्या मोजाव्यात, मग खण पूर्ण बाहेर ओढून चॅनल टेलिस्कोपिक आहे की पांढरा रोलरचा ते पाहावं. फळीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवावं. खरखरीत लागली तर तिथं बँड नाही. बोर्डावर आयएस १२८२३ (प्रीलॅम पार्टिकल बोर्डचं भारतीय मानक) चा शिक्का आणि ई-१ वर्ग, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा, लिहिलेला असेल तर उत्तम, विशेषतः मुलांच्या खोलीसाठी. तरी नवीन कपाट पहिले दोन-तीन आठवडे दारं उघडी ठेवून वास जाऊ द्यावा. वॉरंटीत ओल, वाळवी आणि कंपनीबाहेरच्या माणसानं खोलून जोडणं हे बहुधा वगळलेलं असतं. आणि खोक्यातली जादा कॅम-बोल्टची पिशवी, ॲलन की, जोडणीचा कागद हे सगळं कपाटाच्या मागच्या शीटला आतून टेपनं चिकटवून ठेवावं. त्या मापाचा बोल्ट पुन्हा शोधण्यात अख्खी दुपार जाते.